रविवारच्या टेस्टआधी लेकीला उलट्या होतात, डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा नीट साडेतीन महिन्यांवर आलीय. काय करावं?

निलंग्याची_आई
नमस्कार. आमची मुलगी बारावीला आहे. लातूरला तिघी मुली मिळून खोली करून राहतात, डबा लावलाय. दहावीला ९४ टक्के होते. दिवाळीपासून दर रविवारी टेस्टच्या सकाळी तिला उलटी होते, हातपाय गार पडतात. पित्ताच्या गोळ्या झाल्या. सोमवारी ठणठणीत असते, शनिवारी रात्री पुन्हा सुरू. पेपर हातात आला की येत असलेलंही आठवत नाही म्हणते.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, घरी आली होती. शेतात कोपीपाशी सगळं गोत जमलेलं. भज्जी आणि आंबील म्हणजे तिचा जीव की प्राण, पण दोन घास खाऊन उठली. जो तो एकच विचारत होता, "मग औंदा डॉक्टर का?" रात्री तिची वही आवरताना शेवटच्या पानावर हिशेब दिसला. क्लासची फी, खोलीभाडं, डबा, पुस्तकं मिळून २,१६,०००. त्याला नीटच्या एकूण ७२० मार्कांनी भागलेलं. उत्तर ३००, त्याभोवती पेनानं गोल. एका मार्काला तीनशे रुपये. वही हातात धरून किती वेळ बसले, माझं मला कळलं नाही.

मिस्टर म्हणतात, थोडं टेन्शन पाहिजेच. गावी परत आणावं का? कुणाला दाखवावं? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

शेवटचा_बाक
काकू, मी दोन वर्षं लातूरलाच होतो, आता उदगीरला पशुवैद्यकीयला आहे. मला उलटी नव्हती होत, घाम यायचा. ओएमआरचा, म्हणजे उत्तरांचे गोल भरायचा, कागद ओला व्हायचा इतका.

तिचा तो हिशेब डोक्यात घेऊन पेपर सोडवताच येत नाही. नीटला बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकलं तर १ जातो. म्हणजे हुकलेले चार आणि गेलेला एक असे पाच मार्क, तिच्या हिशेबानं एक चुकीचा गोल भरला की दीड हजार गेले. असं वाटत असताना कुणाचा हात चालेल? डोक्यात प्रश्न धरून ठेवायला जी थोडी जागा असते ती काळजीच खाऊन टाकते, म्हणून येत असलेलं आठवत नाही. अभ्यास कच्चा आहे असं समजू नका, आणि तिलाही हे सांगा.

मला उपयोगी पडलं ते असं. टेस्टच्या दहा मिनिटं आधी कोऱ्या कागदावर मनातली सगळी भीती लिहून काढायची, अगदी "बाबा काय म्हणतील" हेसुद्धा, आणि कागद फाडून टाकायचा. पेपर हातात आला की बायोलॉजी आधी, ९० प्रश्न तिथंच आहेत. मध्येच डोकं बंद पडलं की पेन खाली ठेवायचा, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट दाबायचे, चार मोजत श्वास आत, सहा-सात मोजत हळूहळू बाहेर. पाच वेळा. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की छातीची धडधड खाली येते. याला एक मिनिट लागतं, १८० मिनिटांत ते परवडतं. पण हे दर रविवारी करून अंगवळणी पाडायला हवं, ऐन मे महिन्यात आठवणार नाही.

आणि रात्री दोनपर्यंत जागणं बंद. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत.

गोदाकाठचे_सर
नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. ताई, क्लासच्या ज्या ग्रुपवर रविवारी संध्याकाळी रँकची यादी येते, त्यातून आधी तुम्ही दोघं बाहेर पडा. फोनवर पहिला प्रश्न "किती पडले?" हा असेल तर लेकरू फोनलाच घाबरतं.

बाकीच्या वाटा आत्ताच घरात मोकळेपणानं बोला, निकालानंतर नको. सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरून ठेवा, त्यावर बी. फार्मसी आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठातली बी. एस्सी. ॲग्री आहे. दुसरी वाट दिसली म्हणून पोरं ढिली पडतात हा गैरसमज आहे. मी तर उलटंच पाहिलंय, तीच निवांतपणे पेपर सोडवतात. बोर्डाचंही तसंच. एखादा विषय राहिलाच तर पुरवणी परीक्षा असते, वर्ष जात नाही. परीक्षेच्या तोंडावर लातूर विभागीय मंडळ समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, ते तिच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

मनमोकळं_बीड
मी समुपदेशक आहे. सरांशी आणि दादांशी सहमत, पण एवढ्यावर थांबू नका. तीन महिने दर आठवड्याला उलटी म्हणजे "थोडं टेन्शन" नाही. मिस्टरांना हे शांतपणे सांगा.

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉईडही तपासून घ्या. तिथं गेलं म्हणजे वेड लागलं असं नसतं, गोळ्या दरवेळी लागतातच असंही नाही. तोवर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तिनं लावावा, तुम्हीही लावू शकता.

एक गोष्ट तिला स्पष्ट विचारा: "जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. हो म्हणाली तर तिला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मग टेस्ट बुडली तरी बुडू द्या.

परत आणायचं का, हे तिलाच विचारा. तुमचं तुम्ही ठरवून आणलंत तर "मी हरले" असं तिला वाटेल. त्यापेक्षा आठ-दहा दिवस तुम्हीच तिच्याकडे जाऊन राहा.

निलंग्याची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. तो प्रश्न काल विचारला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मरावं वाटत नाही आई, पण रविवार येऊच नये वाटतं." आणि खूप रडली. रात्री यांना वहीतलं ते पान दाखवलं. काहीच बोलले नाहीत. सकाळी उठून स्वतःच फोन लावला, म्हणाले, "बाळा, ते पैसे तुझ्या शिक्षणाचे होते, मार्कांचे नाहीत. सोयाबीन विकून भरलेत, कर्ज काढलेलं नाही." तिला तर कर्जच काढलंय असं वाटत होतं.

ग्रुप सोडलाय. उद्या मी लातूरला निघते, मंगळवारी दवाखान्यात नेणार. सोबत काय काय न्यावं?

मनमोकळं_बीड
आधार कार्ड, आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि सध्या चालू असलेल्या गोळ्या. सकाळी लवकर पोहोचा, केसपेपरला रांग असते. डॉक्टरांशी तिला थोडा वेळ एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा.

शेवटचा_बाक
काकू, जाताना डब्यात भज्जी-भाकरी घेऊन जा. येळवशीची राहिलीय तिची.