अनुभव धागा: आपोआप गुंडाळणाऱ्या वायरचा माऊस कुणी उघडलाय का?

लॅपटॉपच्या बॅगेत मावतो म्हणून घेतलेला चिमुकला माऊस. वायरच्या मधोमध चपटी डबी. दोन्ही टोकं एकदम ओढली की वायर बाहेर, जरासा हिसका दिला की सर्रकन आत. महिनाभर त्याचे नखरे चालले होते. बाण मधेच थिजायचा, तळाचा लाल दिवा विझायचा. वायर माऊसच्या तोंडाशी अंगठ्याने दाबून धरली की पुन्हा सुरू! म्हणजे दुखणं तिथेच.

उघडायला बसले तर स्क्रूच दिसेना. तळाच्या स्टिकरवरून नख फिरवलं, एका जागी खड्डा लागला, त्याखाली होता लबाड. आत केसासारख्या चार तारा: लाल पाच व्होल्टची, काळी ग्राउंडची, पांढरी आणि हिरवी डेटाच्या. मल्टिमीटर लावून (तार अखंड असली की तो 'पिप्' वाजतो) वायर वाकवत राहिले, तर लाल तारेची 'पिप्' येत-जात होती. तोंडाकडची दोन इंच वायर कापली, रंग जुळवून सोल्डर केलं, म्हणजे वितळवलेल्या धातूने तारा जोडल्या. चालला!

पण डबी दोन्ही बाजूंची वायर सारखीच ओढते. आता माऊस डबीला टेकतो तेव्हा प्लग दोन इंच लोंबकळत राहतो. काय करावं? आणि तुमचेही असले उद्योग येऊ द्या इथे.

*

डबी उघडू नका, एवढंच सांगतो. मी उघडली होती. आत चावीच्या घड्याळात असते तशी सपाट स्प्रिंग. झाकण निघाल्याबरोबर ती फणा काढून बाहेर आली आणि अंगठ्याला चांगलाच काप देऊन गेली. परत गुंडाळता गुंडाळता रात्रीचे दीड वाजले. शेवटी बायकोच्या केसांचं रबर वायरला लावलं. तीन वर्षं झाली, उत्तम चाललंय.

*

तुमच्या तारांवर सोल्डर चटकन बसलं, नशीबवान आहात. माझ्या माऊसच्या तारा वार्निश चढवलेल्या निघाल्या, शिवाय आत रेशमासारखा दोरा. सोल्डरचा थेंब नुसता घरंगळून जायचा. तासभर इस्त्रीला म्हणजे सोल्डरिंग आयर्नला शिव्या घातल्या, मग कळलं की दोष तिचा नाहीच. टोकं ब्लेडने हलकेच खरवडली, तेव्हा कुठे पकडलं. आणि रंगांवर आंधळा विश्वास नको. माझ्यात लाल तार नव्हतीच, नारिंगी होती. कापण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

*

वायर नाही, पण शेजारचंच दुखणं सांगते. एकदा क्लिक केलं तरी दोनदा लागायचं. फाइल उचलायला जावं तर उघडूनच बसायची. बटणाखाली छोटी काळी डबी असते, तिच्यात तांब्याची इवलीशी पत्ती. ती मलूल झाली होती. पत्ती काढून थोडी वाकवली खरी, पण परत बसवताना सुटली आणि फरशीवर कुठे गेली ती गेली. मग मुलाच्या बंद पडलेल्या माऊसमधली अख्खी डबी काढून इकडे जोडली. हे आधीच करायला हवं होतं.

*

अडीचशे रुपयांच्या माऊससाठी एवढा खटाटोप?

*

अहो, अडीचशे रुपयांसाठी नाही हो, तो मधेच बंद का पडतो हे कळल्याशिवाय झोप येत नाही, त्यासाठी!

*

मूळ प्रश्नाकडे. वायर आतल्या चकतीच्या खाचेत दुमडून अडकवलेली असते. ती दुमड एक इंच प्लगकडे सरकवा. एक बाजू इंचभर वाढते, दुसरी तेवढीच घटते, दोन इंचांचा फरक मिटतो. वायर पूर्ण बाहेर ओढून चकती काडीने अडवा, मगच झाकण काढा. स्प्रिंग चकतीच्या दुसऱ्या बाजूला असेल तर तिला हातही लावावा लागत नाही. डब्या वेगवेगळ्या असतात, त्यामुळे चष्मा घालून बसा.

*

काडी म्हणून उदबत्तीची काडी वापरली, मोडली. मग केसांची पिन. दुमड सरकली, माऊस आणि प्लग दोघंही आता एकदम डबीला टेकतात. फक्त झाकणाची एक खिट्टी तुटली, तिथे सध्या चिकटपट्टी आहे. केसांच्या रबरवाल्या दादांना नमस्कार, अंगठा शाबूत आहे.