अनुभव धागा: हट्ट आणि दोष काढण्याची सवय कशाने सुटते?

‘दुसऱ्यांचे दोष काढू नका’ हे बायबलमधलं वचन, मत्तय ७:१, पाठ नाही असा ख्रिस्ती माणूस विरळाच. तरी उपासनेहून परतताना वाटेत दुसऱ्यांचे हिशेब चालूच असतात. यातून बाहेर पडायला प्रत्यक्ष काय उपयोगी पडतं, ते इथे लिहा. आपली कहाणी नको. काय करायचं, कोणत्या क्रमाने आणि कुठे फसतं, एवढं सांगा.

अभ्यासगट चालवणारी
वाचन पहिल्या वचनावर थांबवू नका, पाचव्यापर्यंत जा. भावाच्या डोळ्यातलं कुसळ तसंच राहू द्या, असं प्रभू म्हणत नाही. आधी आपलं मुसळ काढ, मग तुला नीट दिसेल, असं तो म्हणतो. योहान ७:२४ मध्ये तर तोंडदेखला न्याय करू नका, यथार्थ करा, असं सांगितलंय. तेव्हा पारख सोडायची नाही, क्रम पाळायचा.

वहीत दोन रकाने करा. डावीकडे जे पाहिलं किंवा ऐकलं तेवढंच, उजवीकडे त्यावरून काढलेला निष्कर्ष. ‘ती उपासनेला उशिरा आली’ हे डावीकडे, ‘तिला देवाच्या गोष्टींची किंमत नाही’ हे उजवीकडे. मग उजवीकडच्या प्रत्येक ओळीसमोर लिहा: याबद्दल मला काय माहीत नाही? फसतं ते विशेषणांत. ‘मुद्दाम’, ‘नेहमीच’, ‘दिखाव्यासाठी’ हे शब्द हळूच डाव्या रकान्यात शिरतात. ते शोधून उजवीकडे हलवले की निम्मा राग तिथेच उतरतो.

प्रार्थनागटातून
‘त्यांच्यासाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरी असं असं चाललंय’ ही निंदाच आहे, फक्त डोळे मिटून केलेली. ज्याची गोष्ट आहे त्याची परवानगी नसेल तर नाव नको, तपशीलही नको. लहान मंडळीत (चर्चमध्ये) नाव न घेताही ओळख पटते. तिथे एकट्याने प्रार्थना करावी.

मंडळीतले एक वडील (चर्चचे जबाबदार ज्येष्ठ)
हट्टाला निष्ठेचा वेश फार शोभतो, म्हणून तो ओळखू येत नाही. वाद पेटला की आपलं म्हणणं तपासा: ही शास्त्राची स्पष्ट आज्ञा आहे, आज्ञेवरून काढलेलं अनुमान आहे, की आपल्या मंडळीची जुनी पद्धत? गाण्यांची चाल, वाद्यं, पोशाख, उपासनेची वेळ यांवरची भांडणं बहुतेक वेळा तिसऱ्यात मोडतात. मग स्वतःला विचारा, ‘काय कळलं तर माझं मत बदलेल?’ उत्तर ‘काहीच नाही’ असेल आणि मुद्दा पद्धतीचा असेल, तर तो हट्टच.

कुष्ठरोगी सेनापती नामानाला बरं व्हायचं होतं, पण आपल्या अपेक्षेप्रमाणे. संदेष्ट्याने सांगितल्याप्रमाणे यार्देन नदीत सात बुड्या मारणं त्याला कमीपणाचं वाटलं. शेवटी त्याने चाकरांचं ऐकलं (२ राजे ५). आपल्याहून लहान माणसाला ‘तुला काय वाटतं?’ विचारून मध्ये न बोलता ऐकणं, हा हट्टावरचा सर्वांत कठीण आणि सर्वांत खात्रीचा सराव.

आणखी एक. अन्नावरच्या वादात रोमकरांस १४ दोघांनाही बोलतं: न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा दोष काढू नये आणि खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये. मोकळ्या विचारांची माणसं दुसरा अर्धा भाग सहज विसरतात. ‘ते जुनाट आहेत’ हाही न्यायनिवाडाच.

पाळकीय काम करणारी
बोलणं भागच असेल तर मत्तय १८:१५-१७ चा क्रम: आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. गलतीकरांस ६:१ प्रमाणे सौम्यतेने, स्वतःवर नजर ठेवून.

बिघडतं ते असं: मोबाइलवर लांबलचक मजकूर पाठवला जातो आणि त्यात आवाजाचा ओलावा पोचत नाही, एका भेटीत पाच जुने विषय निघतात, ‘सगळेच म्हणतात’ असं सांगून समोरच्याला घेरलं जातं. एका भेटीत एकच गोष्ट, तीही घडलेली. सोबत नेलेली माणसं आपल्या बाजूची नकोत. ‘चूक तुमची आहे’ असं आपल्याला सांगू शकतील अशी हवीत.

मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असेल, विशेषतः मुलांवर, तर हा क्रम पीडितावर लादू नका. आधी त्याची सुरक्षितता आणि कायद्याची मदत. अत्याचार करणाऱ्याला एकांतात भेटायला पीडिताला पाठवणं हा घोर अन्याय आहे.

समेटाचं काम करणारे
क्षमा मागताना ‘चुकलं असेल तर’ मधलं ‘असेल तर’ काढा. काय बोललो, त्याने काय नुकसान झालं, ते कसं भरून काढणार, हे नेमकं सांगा. चार जणांसमोर शेरा मारला असेल तर त्याच चौघांसमोर तो मागे घ्या. ‘आता तुम्ही क्षमा केलीच पाहिजे’ असं मात्र म्हणू नका. तो पुन्हा हट्टच.

आणि जुने निकाल उघडून पाहा. आधीच्या प्रवासात साथ सोडून गेलेल्या मार्काला सोबत न्यायचं नाही, यावर प्रेषित पौल अडून बसला आणि आपला सहकारी बर्णबा याच्यापासून वेगळा झाला (प्रेषितांची कृत्ये १५). पुढे तोच पौल लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). ज्याच्याबद्दल आपलं मत वर्षानुवर्षं बदललेलं नाही असं एक नाव घ्या. त्याच्याविषयीची शेवटची खात्रीची माहिती केव्हाची, ते पाहा. फार जुनी असेल, तर त्याच्याशी एकदा बोला.