कम्युनिटी कॉलेजात पहिला प्रोग्रॅमिंग कोर्स: पायथन, जावा की सी प्लस प्लस?

प्रश्न
कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) कॉम्प्युटर सायन्स सुरू करायचंय. दोन वर्षांनी युसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) एखाद्या कॅम्पसला ट्रान्सफर घ्यायचा विचार आहे. पहिला कोर्स तिन्ही भाषांत मिळतोय. कोणता घेऊ? चार युनिटच्या (म्हणजे क्रेडिटच्या) कोर्सला आठवड्याचा किती वेळ धरायचा? प्रोग्रॅमिंग आजवर अजिबात केलेलं नाही. व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा.

प्रतिसाद १
भाषा आवडीवर ठरवू नका, असिस्ट डॉट ऑर्ग उघडा; कम्युनिटी कॉलेजातला कोणता कोर्स कुठल्या विद्यापीठात चालतो ते या साइटवर दिसतं. आधी तुमचं कॉलेज, मग जिथे जायचंय ते विद्यापीठ निवडा आणि त्या मेजरचा (मुख्य विषयाचा) करार नीट वाचा. डावीकडे विद्यापीठाला हवा असलेला कोर्स, उजवीकडे त्याच्या बदल्यात तुमच्या कॉलेजातला कोणता चालतो ते दिसेल. 'अँड' आणि 'ऑर' कुठे आहे ते डोळ्यांत तेल घालून बघा. 'अँड' असेल तर दोन्ही कोर्स पूर्ण झाल्याशिवाय तो विषय मोजला जात नाही. तीन-चार कॅम्पसचे करार शेजारी ठेवा, जास्तीत जास्त ठिकाणी चालणारी कोर्सांची मालिका घ्या.

आणि गणित पहिल्याच सत्रात सुरू करा. उशीर बहुतेकांना गणितामुळे होतो, प्रोग्रॅमिंगमुळे नाही. प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस १, कॅल्क्युलस २, मग लिनिअर अल्जिब्रा: एक झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही, म्हणजे चार सत्रं त्यातच जातात.

प्रतिसाद २
वेळेचा हिशोब सोपा आहे. एका युनिटला आठवड्याचे साधारण तीन तास, वर्ग आणि अभ्यास धरून. चार युनिट म्हणजे बारा. नवख्याने थोडे जास्तच धरावेत, कारण चूक शोधण्यात किती वेळ जाईल ते आधी सांगता येत नाही.

ती शोधायची कशी, हे पहिल्या आठवड्यापासून शिका. समजा पायथनमध्ये १ ते १० ची बेरीज हवी आहे. तुम्ही लूपच्या फेऱ्यांसाठी रेंज(१, १०) लिहिलंत आणि उत्तर ५५ ऐवजी ४५ आलं. अशा वेळी आकडे उगाच बदलत बसू नका. कागदावर दोन रकाने आखा, एकात आय (त्या फेरीतला आकडा), दुसऱ्यात बेरीज, आणि प्रत्येक फेरीची किंमत लिहा. शेवटची ओळ आय = ९ वर थांबलेली दिसेल: रेंज शेवटचा आकडा घेत नाही, म्हणून रेंज(१, ११) हवं. पेपरमध्ये कोड हाताने चालवून दाखवायला सांगतात तेव्हा हीच सवय कामी येते.

आणखी दोन नेहमीच्या अडचणी. पायथनचं इनपुट कायम मजकूर देतं, त्यामुळे ५ आणि ३ टाकून बेरीज केली की ५३ येतं. आधी इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, बदला. जावा आणि सी प्लस प्लसमध्ये १५ भागिले २ चं उत्तर ७ येतं, कारण दोन्ही पूर्णांक आहेत. २.० ने भागा.

प्रश्नकर्ता
ऑनलाइन सेक्शन चालेल का?

प्रतिसाद १
एफ-१ ला सत्रात किमान १२ युनिट लागतात आणि त्यांत ऑनलाइनचा जास्तीत जास्त एक वर्ग किंवा तीन युनिट मोजतात. म्हणून प्रोग्रॅमिंग प्रत्यक्ष वर्गातच घ्या, शंका तिथल्या तिथे विचारता येतात. कोर्स सोडायची वेळ आली तर आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. न विचारता १२ च्या खाली गेलात तर एफ-१ चं स्टेटस धोक्यात येतं.