सायकोसिसमध्ये एंगेजमेंट मोजायची कशी?

प्रश्न: सायकोसिसचे (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) पेशंट उपचार देणाऱ्या सर्व्हिसशी किती जोडलेले आहेत, म्हणजे त्यांची एंगेजमेंट किती, हे बघायला आम्ही चुकलेल्या अपॉइंटमेंट मोजतो, पण एक जण दर वेळी वेळेवर येतो, मान डोलावतो आणि गोळ्या घेतच नाही, मग ह्यातून कळलं काय?

उत्तर: २००२ ची सर्व्हिस एंगेजमेंट स्केल (हेच मोजायची प्रश्नावली) बघा. १४ मुद्दे, भेटायची तयारी, सहकार्य, मदत मागणं आणि औषधोपचार असे चार भाग. स्कोअर जास्त म्हणजे एंगेजमेंट कमी हं, इथे हमखास गोंधळ होतो.

उत्तर: पण ती भरतो स्टाफ! 'सहकार्य नाही' म्हणजे कधी कधी 'आमचं ऐकत नाही' एवढंच. सिंग-ओब्रायन स्केल पेशंट स्वतः भरतो, तीही द्या.

प्रश्नकर्ता: दोन्ही लावतो, जुळलं नाही तर त्यावरच पेशंटशी बोलेन.