नवीन लाईन सुरू झाली की त्यातले प्रवासी आधी कशाने जायचे?

खिडकीची_सीट

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. कुठेही नवीन मेट्रो, ट्राम किंवा बसची वेगळी लेन सुरू झाली की महिन्याभरात बातमी येते, रोज इतके हजार प्रवासी, आणि लगेच पुढच्या ओळीत "म्हणजेच रस्त्यावरच्या तितक्या गाड्या कमी झाल्या". आता डब्यात बसलेला प्रत्येक माणूस कालपर्यंत एकट्याने गाडी चालवत होता हे कोणी ठरवलं? कोणी बसने जात असेल, कोणी मित्राच्या मागे बसून, कोणी चालत, आणि कोणी तर घरातून बाहेरच पडत नसेल.

यावरून भावाशी कडाक्याचं वाजलं. त्याचं म्हणणं, लोक गाड्या सोडून येतात म्हणूनच एवढा खर्च करायचा, नाहीतर कशाला. मला खरंच माहिती हवीये की हे लोक आधी कशाने जायचे ते शोधतात कसं आणि साधारण काय निघतं. जाणकारांनी लिहा, आणि नुसतं "गूगल कर" म्हणू नका प्लीज, करून झालंय.

आकडेमोड

प्रवासी सर्व्हेच्या कामात काही वर्षं काढलीत म्हणून लिहितो.

बहुतेक ठिकाणी सगळ्यात मोठा गठ्ठा आधीच्या बसमधला किंवा जुन्या ट्रेनमधलाच असतो. यात नवल काही नाही, कारण नवीन लाईन टाकतातच तिथे जिथे बस आधीच खच्चून भरून जातायत, आणि लाईन सुरू झाली की त्याच रस्त्यावरच्या बस एकतर बंद करतात नाहीतर जवळच्या स्टेशनपर्यंतच सोडतात. म्हणजे प्रवाशाने लाईन निवडली असं म्हणताना जरा जपून, बऱ्याचदा त्याला दुसरा पर्यायच ठेवलेला नसतो. कॅनडातल्या ओटावामध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये लाइट रेल (मेट्रोपेक्षा हलकी शहरी रेल्वे) सुरू झाली तेव्हा जुन्या बस साधारण तीन आठवडे सोबत चालू ठेवल्या आणि मग काढून घेतल्या. त्या तीन आठवड्यांत जो ट्रेनमध्ये बसला तो आपल्या मर्जीने, त्यानंतरचा बस गेली म्हणून. आकड्यात मात्र दोघं एकाच रकान्यात.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. टाइन अँड वेअर मेट्रो १९८० मध्ये सुरू झाली आणि बस मुद्दाम मेट्रोच्या स्टेशनला आणून सोडायच्या, पुढे मेट्रोने जा म्हणून. १९८६ मध्ये बसवरचं सरकारी नियंत्रण काढलं, बस कंपन्या परत थेट शहराच्या मध्यापर्यंत बस नेऊ लागल्या, आणि मेट्रोचे प्रवासी घटले. मधे उतरून दुसऱ्यात चढायचा वैताग कोणाला हवाय.

बसनंतर मग गाडीवाले, दुचाकीवाले, चालणारे, सायकलवाले आणि "हा प्रवास मी आधी करतच नव्हतो" म्हणणारे. यांचं प्रमाण शहराप्रमाणे फार बदलतं त्यामुळे सरसकट टक्का कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नका.

आता तुमचं गाड्या कमी होण्याचं गणित. "आधी गाडीने" असं ज्याने सांगितलं तो चालवत होता का शेजारी बसत होता हे विचारावंच लागतं. समजा नवरा ऑफिसला जाताना बायकोला वाटेत सोडत होता. आता ती नवीन लाईनने जाते, गाडी मात्र रोज तशीच निघते, रस्त्यावरून शून्य गाड्या कमी. उलट कोणी वडील मुलीला कॉलेजला सोडायला खास गाडी काढत होते आणि रिकामी गाडी परत आणत होते, ती मुलगी लाईनने जायला लागली की एका प्रवाशामागे जातानाची आणि येतानाची अशा दोन फेऱ्या वाचल्या. दोघींचं फॉर्मवरचं उत्तर सारखंच, "गाडीने, मागे बसून". बातमीत हे कधीच येत नाही.

शेवटचा_डबा

म्हणजे बसमधल्या लोकांना एसी डब्यात नेऊन बसवायला एवढा खर्च? मग खिडकीची_सीट, तुमच्या भावाचं बरोबर आहे की. बसच चांगल्या आणि जास्त सोडल्या असत्या तर भागलं नसतं का? आणि अंदाज तरी कुठे बरोबर येतात, फ्ल्यूबियर्ग वगैरे संशोधकांनी २००५ मध्ये रेल्वे प्रकल्पांचे अंदाज तपासले तेव्हा प्रत्यक्ष प्रवासी अंदाजापेक्षा सरासरी निम्म्याने कमी निघाले होते. गाडीवाले येतील येतील म्हणून फुगवायचं आणि मग डबे रिकामे.

प्रवासी_पक्षी

शेवटचा_डबा, अंदाज फुगवतात हे मान्य, पण त्या अभ्यासात एकूण प्रवासी मोजलेत, ते आधी कशाने जायचे हा त्याचा विषय नव्हता. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवू नका.

आणि बसमधला माणूस आला तर तो फायदा नाही हे कुठलं लॉजिक? बसमध्ये लोंबकळत तास घालवणारा माणूस अर्ध्या वेळात पोचला तर तो वाचलेला वेळ त्याचाच आहे ना, गाडीवाल्याचा वेळ तेवढा मोलाचा आणि बसवाल्याचा फुकटचा असं कोणी सांगितलं? लंडनच्या व्हिक्टोरिया लाइन या मेट्रोमार्गावर फॉस्टर आणि बीस्ली या अर्थतज्ज्ञांनी १९६३ मध्ये जमाखर्चाचा अभ्यास केला होता, या विषयातला तो अगदी सुरुवातीचा. त्यात त्यांनी लोकांचे गट पाडले, दुसरीकडून या लाईनवर येणारे, नव्यानेच प्रवास करायला लागणारे, आणि जे येणारच नाहीत पण जुन्या मार्गांवर किंवा रस्त्यावर गर्दी कमी झाल्यामुळे ज्यांचं बरं होईल ते. फायद्याचा मोठा वाटा या तिसऱ्या गटाच्या पदरात पडत होता, म्हणजे जे कधी त्या डब्यात बसणारच नव्हते त्यांच्या! नुसतं डब्यात उभं राहून सर्व्हे केला तर ही माणसं सापडणारच नाहीत.

फक्त रस्ता रिकामा होईल ही आशा धरू नका. अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच मांडलंय की गर्दीच्या वेळेला रस्त्यावर जागा झाली की ती भरते. दुसऱ्या रस्त्याने जाणारे इकडे येतात, लवकर किंवा उशिरा निघणारे हवी ती वेळ धरतात, आणि बस-ट्रेनवाले थोडे गाडीकडे वळतात. सॅन फ्रान्सिस्कोजवळची बार्ट ही शहरी रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली, तिच्याबद्दल मेल्विन वेबर या नगररचनेच्या प्राध्यापकाने १९७६ मध्ये लिहिलं तेव्हा त्याची तक्रार हीच होती, बसमधले लोक भरपूर ओढले, गाड्या त्या मानाने कमी, आणि जी जागा झाली ती पुन्हा भरली. त्यामुळे तीन वर्षांनी रस्ता तेवढाच तुंबलेला दिसला म्हणून लाईन फुकट गेली असं नाही, आणि इतक्या गाड्या कमी झाल्या हेही खरं नाही, दोन्ही बाजूंचे लोक उगाच भांडतात.

शेवटचा_डबा

ठीक आहे, पण असं एक तरी उदाहरण आहे का जिथे लोक खरंच दुसरं वाहन टाकून आले? का सगळीकडे बसच?

आकडेमोड

आहे, पण ते शहरातलं नाही, लांब पल्ल्याचं. माद्रिद-सेव्हिल हायस्पीड ट्रेन १९९२ मध्ये सुरू झाली. १९९१ मध्ये त्या मार्गावरचे ४० टक्के प्रवासी विमानाने जायचे, १९९४ मध्ये ते १३ टक्क्यांवर आले, आणि ट्रेनचा वाटा १६ वरून ५१ झाला. गाडी आणि बस मिळून ४४ वरून ३६, म्हणजे रस्त्यावरचे फारसे हलले नाहीत, विमानवाले मात्र धडाधड उतरले. कारण उघड आहे, विमानवाला तसाही शहराबाहेर जाऊन, चेक-इन करून, ताटकळत बसत होता, ट्रेन त्याला थेट शहराच्या मध्यात सोडते. गाडीवाल्याला घरच्या दारातून निघायचंय आणि डिकीत सामान टाकायचंय, त्याला हलवणं अवघड. आणि हे टक्के वाटणीचे आहेत हे लक्षात ठेवा, त्या काळात एकूण प्रवासही बराच वाढला, म्हणजे ट्रेनमध्ये बसलेले सगळेच विमानातून आलेले नव्हते.

सिग्नल_लाल

सगळे बस आणि गाडीवरच बोलताय, चालणाऱ्यांचं काय? एस्टोनियातल्या टॅलिनमध्ये २०१३ पासून रहिवाशांना बस-ट्राम फुकट केली, तिथल्या अभ्यासात बस-ट्रामचा वाटा वाढला तो मुख्यतः चालणाऱ्यांमुळे. ती नवीन लाईन नव्हती, पण नियम तोच, दोन स्टॉपचं अंतर जो पायी जायचा तो पहिला चढतो कारण त्याला सोडायला काहीच नसतं. ना पार्किंगचा पास, ना गाडीचा हप्ता.

दुसरं म्हणजे "आधी" या शब्दातच गोंधळ आहे. सिडनीचंच बघा. वायव्य भागातली मेट्रो मे २०१९ मध्ये सुरू झाली. त्यातला एपिंग ते चॅट्सवूडचा तुकडा आधी साध्या ट्रेनचा होता, तो मेट्रोसाठी बदलायला सप्टेंबर २०१८ च्या शेवटी बंद केला आणि सुमारे आठ महिने बदली बस चालवल्या. आता त्या तुकड्यातल्या माणसाला सुरुवातीच्या दिवसांत विचारा, "मेट्रोच्या आधी कशाने जायचात?" तो म्हणेल बसने. खोटं बोलत नाही बिचारा. पण वर्षभर मागे गेलात तर तोच माणूस त्याच रुळांवरून ट्रेनने जात होता. मँचेस्टरची मेट्रोलिंक १९९२ मध्ये आली तीही ऑल्ट्रिंगहॅम आणि बरीच्या जुन्या रेल्वेमार्गांवरच. नाव नवं, गाडी नवी, प्रवासी बऱ्यापैकी जुनेच.

आणि लंडनच्या मेट्रोची ज्युबिली लाइन १९९९ मध्ये कॅनरी व्हार्फ या ऑफिसांच्या भागात पोचली, तिथल्या ऑफिसांत नंतर नोकरीला लागलेल्याला "आधी कशाने यायचास" विचारणंच चूक, तो आधी यायचाच नाही. ते टॉवर उभे राहण्यापूर्वी तिथे बंद पडलेली गोदी होती.

खिडकीची_सीट

वा, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. भावाला लिंक पाठवली, त्याने वाचून फक्त अंगठा दाखवलाय 😄

दोन शंका अजून. एक, सगळीकडे कार्ड टॅप करून जातात ना, मग सर्व्हे कशाला, कार्डाच्या डेटावरून कळत नाही का कोण आधी बसने जायचं? आणि दुसरं, आमच्या ग्रुपला एका लाईनवर छोटा सर्व्हे करायचाय, तर प्रश्न नेमका कसा विचारायचा?

आकडेमोड

कार्डावरून अर्धंच कळतं. एखादं कार्ड रोज सकाळी एका बसवर टॅप होत होतं आणि लाईन सुरू झाल्यावर त्याच वेळेला स्टेशनवर टॅप होतंय, तर तो बसमधून आला हे जवळपास पक्कं, आणि इथे माणसाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही हा मोठा फायदा. पण जे कार्ड लाईनच्या पहिल्या दिवशीच पहिल्यांदा दिसतं त्याचं काय? तो गाडीवाला असेल, चालणारा असेल, नवीन राहायला आलेला असेल, नाहीतर जुनंच कार्ड हरवलं म्हणून नवं घेतलेला असेल. डेटात सगळे सारखेच. "नवीन कार्ड म्हणजे नवीन प्रवासी" असं धरून केलेले रिपोर्ट मी पाहिलेत, वाचून हसू येतं.

प्रश्नाचं म्हणाल तर "तुम्ही आधी कशाने प्रवास करायचात?" असं मोघम विचारू नका. माणूस मग एकूण आयुष्याचं उत्तर देतो, मी तसा बाइकवाला आहे वगैरे. आज ह्या क्षणी तो जो प्रवास करतोय त्याबद्दलच विचारा, कुठून निघालात, कुठे चाललात, आणि लाईन सुरू व्हायच्या आधी हाच प्रवास करायचात का. नाही म्हणाला तर का नाही ते विचारा, घर बदललं, नोकरी बदलली का जाणंच टाळायचात, कारण तिन्हीचा अर्थ वेगळा. हो म्हणाला तर कशाने, आणि दोन-तीन वाहनं बदलत असेल तर सगळी लिहून घ्या, नुसतं "मुख्य वाहन" विचारलं की स्टेशनपर्यंतची दुचाकी गायब होते. गाडी म्हणाला तर चालवत होता का बसत होता, आणि बसत होता तर ती गाडी अजून त्याच रस्त्याने जाते का. मग शेवटी एक वेगळा प्रश्न, "उद्या ही लाईन बंद असली तर कसे जाल?" आधीचं उत्तर आणि हे उत्तर बऱ्याचदा जुळत नाहीत. मधल्या काळात कोणी गाडी विकलेली असते, कोणाची बस बंद झालेली असते. दोन्ही ठेवा, एकाला दुसऱ्याच्या जागी वापरू नका.

सिग्नल_लाल

यात एक जोडतो. नुसते सकाळच्या गर्दीत फॉर्म भरून घेऊ नका, दुपारचेही घ्या. रोज जाणारा माणूस तुम्हाला कुठल्याही दिवशी सापडतो, महिन्यातून एकदा दवाखान्यात किंवा लेकीकडे जाणाऱ्या आजी सापडत नाहीत, आणि "आधी जातच नव्हते" हे उत्तर बहुतेक त्यांच्याकडेच असतं. म्हणून प्रत्येकाला आठवड्यातून किती वेळा येता तेही विचारा, मग हिशोब करताना रोजवाल्यांचं वजन कमी करता येतं.

आकडेमोड

बरोबर. आणि लाईन सुरू होऊन फार दिवस झाले नसतील तर आत्ताच एक फेरी करून घ्या, वर्षभराने परत करा. सुरुवातीला नुसतं बघायला येणारे खूप असतात, त्यांना वेगळं काढा. आणि वर्षभराने विचाराल तेव्हा निम्म्यांना आधीचं नीट आठवत नसतं, बस होती एवढंच सांगतात, कुठली ते नाही.