प्रार्थनेतील ‘ऋण’ आणि न वटलेला धनादेश

मिरजकर (धागाकर्ता)
तासगाव तालुक्यात माझ्या थोरल्या भावाची द्राक्षबाग आहे. दोन हंगामांपूर्वी आमच्याच मंडळीतील, म्हणजे आमच्या चर्चमधील, एका व्यापाऱ्याने माल उचलला आणि त्याचा धनादेश वटला नाही. धनादेश न वटणे हा गुन्हा ठरवणाऱ्या कलम 138 खाली भावाची फिर्याद चालू आहे. आता त्या व्यापाऱ्याने क्षमा मागितली असून, क्षमा करायची तर फिर्यादही मागे घ्यावी, असे मंडळीतील ज्येष्ठ सांगत आहेत. मला हा आग्रह चुकीचा वाटतो. बायबलमध्ये लूक 17:3 येथे अपराध्याला दटावण्याची आज्ञा आधी आहे आणि त्याने पश्चात्ताप केल्यास क्षमा करण्याची नंतर. पश्चात्ताप कशाला म्हणावे, हे तर जक्कय या जकातदाराने येशूपुढे लुबाडलेल्याच्या चौपट परत देऊ करून दाखवले. येथे मुद्दलही आलेले नाही.

कृष्णाकाठ
आपण सोयीची वचने निवडलीत, असे मला नम्रपणे वाटते. प्रभूच्या प्रार्थनेत देवाकडे क्षमा मागताना आपण मराठीत ‘ऋण’ हाच शब्द उच्चारतो, आणि मत्तय 18 मधील दाखला तर सरळ पैशांचाच आहे. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. त्या हिशेबाने राजाने सोडलेले दहा हजार तालांत ही सहा कोटी दिवसांची मजुरी होते. ती सूट घेऊन बाहेर पडलेल्या चाकराने शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला आणि त्याला तुरुंगात टाकले. कलम 138 मध्येही कैदेची तरतूद आहे, हे आपण जाणताच.

हळदपेठ
दाखल्यातील राजाने स्वतःचे बुडालेले सोडले. येथे ज्यांची द्राक्षाची एक पेटीही बुडाली नाही, ते हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवत आहेत! 1999 च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर येथे मिशनरी पती आणि दोन मुलगे जाळले गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, पण म्हणून खटला थांबला नाही आणि तो थांबावा अशी अपेक्षाही त्यांनी धरली नाही.

कृष्णाकाठ
तुळशीपत्राचा टोला मान्य. उदाहरण मात्र लागू पडत नाही, कारण तो खटला शासनाचा होता. येथे फिर्यादी भाऊ स्वतः आहे आणि तडजोड करणे कायद्यानेही त्याच्याच हाती आहे, त्यामुळे ‘क्षमा माझी, शिक्षा न्यायालयाची’ ही वाटणी त्याला इतक्या सहज करता येणार नाही.

मिरजकर
हा मुद्दा मला सुचला नव्हता. काल भावाला दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. व्याज सोडून मुद्दल चार हप्त्यांत घेण्यास तो तयार आहे. मात्र शेवटचा हप्ता येईपर्यंत फिर्याद राहील, असे त्याने ज्येष्ठांना कळवले. रविवारी प्रार्थनेत ‘ऋण’ या शब्दापाशी तो अजूनही गप्प होतो, हे शेजारी उभा राहणाऱ्या मला ऐकू येते.