आणीबाणीनंतर कलम २१ ला (जीवित व वैयक्तिक स्वातंत्र्याचा हक्क) मिळालेले संरक्षण पुरेसे आहे का?

प्रश्न
आणीबाणीत ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी दिला. तसे पुन्हा घडू नये म्हणून राज्यघटनेत नेमके काय बदलले, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १
तो जबलपूर खटला. स्थानबद्धतेचा आदेश कायद्याला धरून आहे की नाही एवढे तरी तपासता येईल, असे नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते फिरवले. वैयक्तिक वैरातून पोलिसाने एखाद्याला ठार केले तरी उपाय नाही का, या न्या. हंसराज खन्ना यांच्या प्रश्नावर ॲटर्नी जनरल नीरेन डे यांनी, आणीबाणी असेपर्यंत नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. विरोधी मत एकट्या खन्नांचे होते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश नेमले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

प्रतिसाद २
मूळ प्रश्नाचे उत्तर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीत आहे. ‘अंतर्गत अशांतता’ या सैल कारणाच्या जागी ‘सशस्त्र बंड’ आले, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणीची घोषणा करता येत नाही आणि कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) व २१ आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत. जबलपूरचा निकाल २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्टपणे रद्द ठरवला.

प्रतिसाद ३
हे सारे खरे असले, तरी आणीबाणीचा दरवाजा बंद करताना शेजारची खिडकी उघडीच राहिली. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला, म्हणजे खटल्याविना आधीच डांबून ठेवण्याला, आणीबाणी लागतच नाही. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली ती आजही होते. स्थानबद्धता योग्य आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाविना डांबून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारे कलम ३ त्याच ४४ व्या दुरुस्तीत आहे, मात्र ते अद्याप अमलात आलेले नाही.

प्रश्नकर्ता
संसदेने मंजूर केलेली तरतूद अडवायचा अधिकार सरकारला कुठून मिळाला?

प्रतिसाद ३
संसदेकडूनच. अंमलबजावणीची तारीख अधिसूचनेने ठरवण्याची मुभा त्याच दुरुस्तीने केंद्राला दिली, म्हणजे ज्याच्या हातांना आवर घालायचा त्याच्याच हाती कुलपाची किल्ली. ए. के. रॉय खटल्यात (१९८१) सरकारला तारीख ठरवण्याचा आदेश द्यावा, अशी मागणी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती नाकारली.